'मालवण' नावाची बिअर मालवणच्या धक्क्यावर नेऊन फोटो काढणं योग्य आहे का?

दर्याकाठ:
पुण्यातल्या एका ब्रूपबच्या, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबच्या, फळ्यावर 'मालवण' हे नाव वाचलं आणि मी थांबलोच. कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, घालून केलेली गोझे. गोझे ही मूळची जर्मनीतल्या गोसलार गावची, मीठ आणि धणे घातलेली आंबट बिअर. नाव तिथल्या गोझे नदीवरून. आगळातही मीठ असतंच, त्यामुळे जोडी मला पटली. बाटली भरून घेतली, बर्फाच्या पेटीत ठेवली आणि गगनबावड्याचा घाट उतरलो.

सकाळी धक्क्यावर जमलं नाही. आपल्याकडे सूर्य डोंगराकडून वर येतो, त्यामुळे समोरचा किल्ला छान उजळतो, पण ग्लासातला रंग मळकट दिसतो. संध्याकाळी सूर्य समुद्रावर आला, उजेड ग्लासातून आरपार आला आणि रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, लाल रंग असा काही पेटला! दमट हवेत थंड ग्लास लगेच धुकटतो. तो पुसेपर्यंत फेस बसतो. हातात जेमतेम मिनिटभर असतं.

माझं मत: गावाचं नाव घेतलं की ती बाटली एकदा त्या गावात उभी राहिली पाहिजे. पिल्सनर हे बिअरचं नाव चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेन शहरावरून आलं, 1842 साली ती तिथे पहिल्यांदा झाली. आज जगभर पिल्सनर होते आणि पिणाऱ्याला शहर आठवतही नाही. मालवणचं तसं होऊ नये.

तटबंदी:
समोरचा किल्ला म्हणजे सिंधुदुर्ग, हे तू नुसतं 'किल्ला' म्हणून उरकलंस. 1664 साली कुरटे बेटावर महाराजांनी त्याचं काम सुरू केलं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हाता-पायाचे ठसे आहेत. 2025 मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. दर पावसाळ्यानंतर आम्ही वेगवेगळ्या गडांवर जाऊन रिकाम्या बाटल्यांची पोती भरतो. तुझा फोटो सुंदर आहे, म्हणूनच मला भीती वाटते. तो बघून कुणीतरी बाटली होडीत घालून आत नेणारच.

दर्याकाठ:
मी धक्क्यावर होतो, किल्ल्यात पाऊलही ठेवलं नाही. तिथे एक घोट घेतला नाही, बाटली परत आणली.

तटबंदी:
फोटोत ते दिसत नाही. फोटोत किल्ला आणि भरलेला ग्लास दिसतो.

माडाखाली:
अरे बाबा, फोटो काढलंस तेचो माका राग नाय. पण संध्याकाळी धक्क्यार बायको-पोरा घेवन लोक येतत, मासेवाल्यो बसतत. थय ग्लास भरून ठेवलंस तर तू पितंस काय नाय, ह्या कोण इचारतलो?

बोंडूवाला:
मला किल्ल्यापेक्षा नावाचा प्रश्न मोठा वाटतो. त्या ग्लासात मालवणचं काय आहे? कोकणात सातू पिकत नाही, मोड आणून वाळवलेला सातू, म्हणजे माल्ट, उत्तरेतून येतं, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं बहुतेक परदेशातून. शेजारच्या गोव्यात बघा. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तुडवून रस काढतात, तो आंबवतात, पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. 2009 पासून फेणीला भौगोलिक मानांकन आहे. आमच्या सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या काजूला मानांकन मिळालं, पण ते बीला. बोंडू झाडाखाली कुजतात, नाहीतर टेम्पोत भरून सीमेपलीकडे जातात. कोकमालाही मानांकन आहे. मग त्या आगळाचे पैसे कुठल्या गावात गेले, हे आधी सांगा. नाव लावायला काही पडत नाही, माल घ्यायला पडतं.

दर्याकाठ:
पिल्झेनची बिअरही सगळी तिथली नव्हती. ती करणारा योसेफ ग्रोल जर्मनीतल्या बव्हेरियाचा, हॉप्स झाटेट्स गावच्या. शहराचं खरं देणं म्हणजे पाणी, अतिशय मऊ. आपल्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणीही मऊच की, साबणाला लगेच फेस येतो...

हे लिहिता लिहिताच अडलो. माझ्या बाटलीतलं पाणी पुण्याचं आहे. आणि आगळ कुठलं, हे मी ब्रूपबमध्ये विचारलं होतं, पण त्यांना सांगता आलं नाही. बोंडूवाले, तुमचा मुद्दा मान्य. उद्या त्यांना पुन्हा गाठतो. मालवणच्या बागायतदाराकडून आगळ घेणार असाल तरच हे नाव ठेवा, असं सांगतो.

फोटो नेऊन काढण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे. मी ती बाटली मालवणला नेली नसती तर हा प्रश्न मला पडलाच नसता.

तटबंदी:
आणि किल्ला?

दर्याकाठ:
किल्ला दिसतो ते तिन्ही फोटो काढून टाकतो. नुसत्या ग्लासाचा ठेवतो.

तटबंदी:
मला तो ग्लासही धक्क्यावर नको. पण किल्ला काढतोयस, त्याबद्दल आभार.

माडाखाली:
मे म्हयन्यात ये. आमच्या परड्यात रातांब्याचो सडो पडता. थय काय तो फोटो काढ, कोण काय म्हणूचो नाय. आगळ पण माझ्याकडसून घेवन जा.