मदत हवी आहे: स्कॅन केलेल्या अंकांना न बदलणारा पत्ता कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयातले जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून क्लाउड स्टोरेजमध्ये ठेवलेत, म्हणजे कंपनीचं डोमेन, मग बकेटचं (तिथल्या आमच्या साठवणीच्या कप्प्याचं) नाव, मग वर्ष, महिना, फाइल, आणि कॅटलॉगमध्ये तीच लिंक दिलीय. आता सगळं दुसरीकडे हलवायचंय आणि डोमेन, बकेट दोन्ही बदलणार. कॅटलॉग आपण दुरुस्त करू हो, पण ज्यांनी प्रबंधात त्या लिंका छापल्यात त्यांचं काय? शोधत आलेला वाचक रिकाम्या हाती परत जाणं मला अजिबात पटत नाही.

म्हणून फाइल कुठे आहे त्याऐवजी फाइलमध्ये काय आहे त्यावरून पत्ता द्यावा असं मनात आहे. २०१३ च्या आरएफसी ६९२० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) मधली 'एनआय' ही पत्ता लिहायची स्कीम वाचली, त्यात शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, हाच पत्ता, सर्व्हर बदलला तरी तोच राहतो आणि फाइल बिघडली तर तेही कळतं. पण एखादं राहिलेलं पान नंतर घातलं किंवा पीडीएफचं नुसतं शीर्षक सुधारलं तरी हॅश बदलतो, मग वाचकाला नवी प्रत आलीय हे कळणार कसं? आणि आयपीएफएसवर (फाइल तिच्या हॅशवरून शोधणारं, अनेक मशीनवर पसरलेलं जाळं) टाकून बघितलं तर तिथला सीआयडी, म्हणजे तिथे फाइलला मिळणारा पत्ता, आणि माझ्या मशीनवरचा शा-२५६ जुळतच नाहीत, फाइल तीच असून. कॅटलॉगमध्ये नक्की काय लिहू?

प्रतिसाद:
सीआयडीचं आधी सांगतो. आयपीएफएस मोठ्या फाइलचे तुकडे करतं, समजा २५६ केबीचे, आणि त्या तुकड्यांच्या हॅशवरून बांधलेल्या झाडाच्या मुळाचा हॅश देतं, अख्ख्या फाइलचा नाही. तुकड्याचा आकार बदला, सीआयडी बदलेल. त्यामुळे कॅटलॉगमध्ये साधा शा-२५६ च ठेवा, तो कुठल्याही मशीनवर पडताळता येतो.

पण हॅश म्हणजे अंकाची ओळख नव्हे, ती एका प्रतीची ओळख. अंकाला वेगळा आर्क आयडी (कायम टिकणाऱ्या ओळखक्रमांकाची एक पद्धत) घ्या, त्यासाठी लागणारा संस्थेचा नंबर फुकट मिळतो. तो तुमच्या स्वतःच्या डोमेनवरून ताज्या प्रतीकडे वळवा आणि त्या पानावर सगळ्या प्रतींचे हॅश तारखेसह लावा. ज्याला नेमकी प्रत दाखवायचीय तो आर्क आणि हॅश दोन्ही देईल.

छापलेल्या लिंका मात्र कंपनीच्या डोमेनवरच्या आहेत, त्या वळवणं तुमच्या हातात नाही, तेव्हा जमेल तितके दिवस जुनी बकेट बंद करू नका. आणि हलवण्याआधी जुना पाथ आणि हॅश असा तक्ता काढून घ्या.