कादंबरीतल्या सरदार घराण्यांची गुपितं टिकत नाहीत, काय करू?

रात्रपाळीवाला:
तीन वर्षं फँटसी कादंबरी लिहितोय. नदीच्या खोऱ्यात चार सरदार घराणी, गादीवर नऊ वर्षांचा पोर. थोरल्या घराण्याचं गुपित हे की पोर गादीच्या रक्ताचा नाहीच. परवा बहिणीला वाचून दाखवलं. मेथी निवडता निवडता म्हणाली, "दादा, सुईण आहे, दाई आहे, दोन पहारेकरी आहेत, आणि नऊ वर्षं कुणी तोंड उघडलं नाही? आपल्या बिल्डिंगमध्ये नऊ मिनिटं टिकत नाही." तेव्हापासून अडकलोय. सगळ्यांना मारून टाकावं म्हटलं, तर वाड्यात भाकरी थापायला माणूस उरत नाही.

मोडीवेडा:
मारू नका हो, तीच तर कामाची माणसं. गुपित कुणाला कळलं ते सोडा, कळूनही गप्प राहण्यात कुणाचं पोट आहे ते ठरवा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांचे असताना पेशवे झाले. मुलगी झाली असती तर? म्हणून गडावर आणखी गरोदर बायका नेऊन ठेवल्याची वदंता आहे. खरं-खोटं देव जाणे. पण नाना फडणीस, सखारामबापू यांचा सगळा डाव त्या एका पाळण्यावर उभा होता, त्यांच्यातला कोण कशाला बोलेल? राघोबादादांच्या गोटात मात्र हीच कुजबूज सोन्याच्या भावाची. तुमच्या पोराची अफवाही एका घराण्यात दाबली जाईल आणि दुसऱ्यात पेरली जाईल.

आणि कागद कुठेत तुमचे? शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असं मोर्तब असतं. मजकूर इथे संपला, खाली कुणी ओळ घुसडायची नाही. पण मधलंच अक्षर फिरवलं तर? 'ध'चा 'मा' ही आख्यायिका त्याच फटीतली, 'धरावे'चं 'मारावे'. शिक्का धन्याचा, बोरू कारकुनाचा. चार घराण्यांत मला एकही कारकून दिसला नाही.

खुर्दा:
सावकारही नाही! पानिपतची बातमी नानासाहेबांना कळली ती एका सावकाराची चिठ्ठी वाटेत हाती लागली म्हणून. दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा हिशेबी भाषेत. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. पेशव्यांच्या आधी व्यापाऱ्यांना ठाऊक! बाकी तुमचे सरदार कर्ज कुणाकडून काढतात?

जलमार्ग:
प्रत्येक धाग्यात पेशवाई आलीच पाहिजे का? व्हेनिस बघा. १३१० च्या कटानंतर दहा जणांची परिषद नेमली, ती उमरावांचीच, उमरावांवर नजर ठेवायला. राजवाड्याच्या भिंतीत सिंहाचं तोंड कोरलेलं, त्यात तक्रारीची चिठ्ठी टाकायची. १३५५ मध्ये खुद्द डोज, म्हणजे व्हेनिसचा निवडून आलेला प्रमुख, मारिनो फालिएरो कटात सापडला, मुंडकं उडवलं. मोठ्या सभागृहात डोजांची चित्रं ओळीनं आहेत, त्याच्या जागी काळा पडदा रंगवलाय. हे लपवणं आहे की मिरवणं? मला तरी अजून ठरवता आलेलं नाही.

रात्रपाळीवाला:
काळा पडदा चोरतोय, आधीच सांगून ठेवतो. सुईण जिवंत राहतेय. तिच्या मुलाला थोरल्या घराण्याच्या दफ्तरात कारकून केलाय, पगार जरा जास्तच. बहिणीला पुन्हा वाचून दाखवलं तर म्हणाली, "हां, आता ती गप्प बसेल. पण सुनेचं काय?"

मोडीवेडा, ते 'ध' आणि 'मा' मोडीत लिहून फोटो टाकता का? फटकारा नेमका कुठे मारायचा ते बघायचंय.