डिटेलिंग : पैसे बाटलीचे द्यायचे की हाताचे?

घासकाम, पुणे

नवी गाडी दारात आली की ओळखीतला प्रत्येक जण विचारतो, ‘कुठलं कोटिंग करू?’ कोटिंग म्हणजे रंगावर लावायचा संरक्षक थर. मग ९एच, १०एच, ग्राफीन, पाच वर्षांची वॉरंटी अशी यादी सुरू होते. लावणारा माणूस त्याआधी रंगाचं काय करणार आहे आणि नंतर दर आठवड्याला ती गाडी कोण, कशी धुणार आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. डिटेलिंग, म्हणजे गाडी बारकाईने साफ करून, पॉलिश करून रंग जपणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. म्हणूनच ठामपणे सांगतो, पैसे हाताचे द्या. बाटली नंतर बघू.

आधी रंगाचं गणित. हल्लीच्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअरकोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे ज्याच्यावर आपण मशीन चालवतो तो थर केसापेक्षाही पातळ आहे. आणि पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरून काढणं नव्हे, तर ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअरकोट घासून खाली आणणं. दर वेळी थोडा थर कायमचा जातो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारी रसायनं याच थरात असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांत छपरावर, बॉनेटवर रंग फिका पडतो, पापुद्रे सुटतात. मग कुठलीही बाटली कामाची नाही, सरळ रंगकाम.

म्हणून चांगला कारागीर आधी जाडी मोजतो, मग एका कोपऱ्यात दीड-दोन फुटांच्या चौकोनात सगळ्यात सौम्य पॅड आणि पॉलिश लावून बघतो. तेवढ्याने भागलं तर पुढचं जहाल कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, उघडतच नाही. कडांवर रंग पातळ असतो, तिथे टेप लावतो. प्लास्टिकच्या बंपरवर उष्णता साठून राहते, तिथे हात हलका ठेवतो. यातलं काहीही बाटलीवर लिहून येत नाही.

आता ९एच. ही पेन्सिलीची कठीणता आहे. ठरलेल्या कोनात, ठरलेल्या दाबाने पेन्सिल ढकलून बघायची चाचणी. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोह्‌स मोजपट्टीशी तिचा काही संबंध नाही. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झ असतं, ते मोह्‌स मोजपट्टीवर ७ आहे. वाळलेलं कोटिंग जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाड. त्यावर कोरडं फडकं रगडलं तर ओरखडे पडणारच, मग कोटिंगला पंधरा हजार दिलेले असोत की पन्नास.

---

रसायनवाला, ठाणे

रंग आणि कोटिंगच्या उद्योगात नोकरी करतो. ९एचबद्दल लिहिलंत ते अक्षरन्‌अक्षर मान्य. मोह्‌सचा आभास निर्माण करून माल विकणं थांबायला हवं. पण तिथून तुम्ही ‘बाटली नंतर बघू’ यावर उडी मारलीत, ते पटत नाही.

ब्रेकच्या चकत्या झिजून लोखंडाचे तापलेले कण उडतात. ते रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर जे तपकिरी ठिपके दिसतात त्यातले बरेच हेच. आता हाताने काय कराल? क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा, फिरवाल, तर तेच कण क्लिअरकोटवरून ओढत न्याल. थायोग्लायकोलेट असलेलं आयर्न रिमूव्हर फवारलं की ते लोखंडाशी बांधलं जातं, जांभळे ओघळ येतात आणि कण सैल होऊन पाण्याबरोबर निघून जातात. स्पर्शही करावा लागत नाही. हे कौशल्य कुठल्या हाताचं?

दुसरं. जुन्या कंपाउंडमधले कण दाबाखाली मोडत मोडत बारीक होत. ते पुरते मोडेपर्यंत मशीन चालवलं नाही तर धुरकटपणा राहायचा, जास्त चालवलं तर रंग तापायचा. तो मधला क्षण ओळखणं ही खरी हातोटी होती आणि ती असलेली माणसं मोजकी. आता एकसारख्या आकाराचे, न मोडणारे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण मिळतात. सोबत ड्युअल अ‍ॅक्शन मशीन आलं, ज्याचं पॅड स्वतःभोवती फिरता फिरता झोकेही घेतं, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. रोटरीने, म्हणजे नुसत्या गोल फिरणाऱ्या मशीनने, कडा जाळणारा नवशिका या मशीनवर सहसा तेवढं नुकसान करू शकत नाही. जी चूक आधी हाताला टाळावी लागायची ती आता मालाने आणि यंत्राने टाळली. तुम्ही ज्याला पद्धत म्हणता तिचा बराचसा भाग रसायनशास्त्राने बाटलीत आणून ठेवला आहे.

---

ऑरेंजसिटी, नागपूर

मे महिन्यात आमच्याकडे या आणि ही बाटली उघडून दाखवा. सकाळी आठला बॉनेटला हात लावता येत नाही, शाम्पू लावेपर्यंत वाळतो. बोअरचं पाणी जड. कोटिंग केलेल्या गाडीवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे गोल होतात, व्हिडिओत छान दिसतं. पण तेच थेंब उन्हात वाळले की प्रत्येकाच्या जागी कॅल्शियमचं गोल कडं उरतं. पाणी टिकतं तोवर सावलीत, एकेक भाग धुऊन लगेच टिपून घेणं, एवढाच उपाय. हा उपाय पद्धतीचाच आहे ना?

---

रसायनवाला, ठाणे

अर्धा. डाग पडल्यावर ते काढायला सौम्य आम्लच लागतं, घासून कॅल्शियम काढायला गेलात तर क्लिअरकोट जाईल. घरात पांढरं व्हिनेगर असेल तर समान पाणी घालून गार पत्र्यावर थोडा वेळ ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. खनिज रंगात कोरलं गेलं असेल तर मात्र तुमच्या घासकामवाल्यांकडे जावं लागेल.

---

रविवारची_बादली, नाशिक

तुम्ही सगळे स्टुडिओतलं बोलताय. माझी गाडी गडद निळी, सोसायटीत उघड्यावर उभी असते. पहाटे पुसणारे दादा येतात, एक बादली, एक फडकं, विंगमधल्या सगळ्या गाड्या. महिन्याचे पैसे सगळ्यांनी मिळून ठरवले आहेत. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात. यावर माल उपयोगी की पद्धत, ते सांगा. कोटिंगचं मी नंतर बघेन.

---

घासकाम, पुणे

ताई, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. माझ्याकडे पॉलिशला येणाऱ्या बहुतेक गाड्यांवरचे ओरखडे गाडी चालवताना पडलेले नसतात. ते पुसताना पडलेले असतात.

दादांना सांगा, रोज पुसू नका. फक्त काचा आणि आरसे. बाकी गाडीवर धूळ बसली तर बसू द्या. बसलेली धूळ रंगाला काही करत नाही, ओढलेली धूळ करते. आठवड्यातून एकदा मात्र नीट धुवा. आधी नुसत्या पाण्याने माती खाली उतरवायची. मग दोन बादल्या, एकीत पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे माती तिच्याखाली बसते. मायक्रोफायबरचा मिट (धुण्याचा हातमोजा) शाम्पूत बुडवा, एक भाग वरून खाली सरळ रेषेत धुवा, मिट साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत. चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या कापडाने. शेवटी मोठा टॉवेल अंगावर पसरून टिपा, घासू नका. शाम्पू कुठल्या कंपनीचा हे मी सांगतही नाही, कारण इथे त्याने फारसा फरक पडत नाही.

आणि भांडी घासायचा साबण नको. लावलेलं मेण तो काढून टाकतो.

---

रसायनवाला, ठाणे

पाहा, शेवटच्या ओळीत माल आलाच.

पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. पहाटे पाच ते आठ इतक्या वेळात पुसणाऱ्या दादांकडे वीस गाड्या असतील, तर दोन बादल्या आणि जाळ्या ही पद्धत त्यांनी कधी पाळायची? नळ कुठे आहे, पाणी किती वाजता जातं? मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. आपल्याकडच्या सोसायट्याही उन्हाळ्यात टँकरवर असतात. पाइप लावून धुण्याचा सल्ला आता सगळीकडे चालणार नाही.

इथे माणूस बदलायचा नाही, बादलीतलं रसायन बदलायचं. रिन्सलेस वॉशचं द्रावण पाण्यात अगदी थोडं टाकायचं. त्यातले पॉलिमर मातीच्या कणाभोवती आवरण करतात, कण रंगावरून सरकतो, वंगण मिळतं आणि नंतर धुवावंही लागत नाही. एका बादलीत एक गाडी होते. ताई, दादांना ती बाटली आणि स्वच्छ मायक्रोफायबरचा एक गठ्ठा द्या. दोन्ही मिळून एका डिटेलिंगच्या बिलाच्या कितीतरी खाली येईल.

---

घासकाम, पुणे

रिन्सलेस मीही वापरतो. नुसत्या धुळीला उत्तम. पण जुलैत ताम्हिणी घाट उतरून आलेल्या गाडीच्या दारांवर वाळलेल्या चिखलाचा थर असतो, त्यात खडी असते. तिथे पॉलिमर काही करणार नाही. आधी दाबाने पाणी मारून तो थर पाडावाच लागतो.

आणि टॉवेलांचा गठ्ठा दिलात, पण तो घडी घालून आठ बाजू करायच्या, प्रत्येक भागाला नवी बाजू घ्यायची, खाली जमिनीवर पडलेला टॉवेल पुन्हा रंगाला लावायचा नाही, हे दादांना कोण शिकवणार? रिन्सलेसच्या बादलीत तेच एक फडकं वीस गाड्यांना फिरलं तर वीस गाड्यांची माती तुमच्या बॉनेटवर येईल. तुम्ही माणूस बदलायचा नाही म्हणता. मी म्हणतो, त्यांना शिकवा आणि गाड्या कमी करून पैसे वाढवून द्या. हे काम बिनकौशल्याचं समजलं जातं म्हणूनच ते इतकं स्वस्त आहे, आणि म्हणूनच रंगाची वाट लागते. स्टुडिओतही तेच. मुलगा महिनाभर मशीनमागे उभा राहिला की त्याच्या हातात रोटरी देतात, आणि ग्राहकाला दाखवायला काउंटरवर आयात केलेल्या बाटल्या मांडतात. त्या मुलाच्या शिक्षणावर कुणी खर्च करत नाही, कारण त्याचा फोटो टाकता येत नाही.

---

खारा_वारा, रेवदंडा

चमकेवरून भांडताय, आमच्याकडे पत्रा टिकवायचा प्रश्न आहे. समुद्राची हवा, वर लाल माती. गंज बाहेरून दिसतो तेव्हा आतून काम झालेलं असतं. दाराच्या, दाराखालच्या उंबरपट्टीच्या पोकळीत हात जात नाही, तिथे मेणाचा फवारा आतून मारावाच लागतो. इथे मी बाटलीच्या बाजूने.

फक्त मारणाऱ्याने दाराखालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवली पाहिजेत. ती बुजवून फवारा मारलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. आत पाणी साचून दार खालून सडतं.

---

रविवारची_बादली, नाशिक

दादांशी बोलले. रोजचं पुसणं बंद, ते स्वतःच म्हणाले बरं होईल. आठवड्यातून दोनदा रिन्सलेस, प्रत्येक गाडीला वेगळे टॉवेल, पैसे तेवढेच राहतील असं मी सुचवलंय. मीटिंगमध्ये मंजूर होईल असं वाटतं.

आता बॉनेटवरच्या जाळ्या. एका ठिकाणी विचारलं तर ‘एका दिवसात पॉलिश, कोटिंग, आतून सफाई, सगळं करून संध्याकाळी गाडी देतो’ म्हणाले. द्यावी का?

---

घासकाम, पुणे

देऊ नका. नुसतं धुणं, लोहकण काढणं, क्ले, सुकवणं यातच अर्धा दिवस जातो. उरलेल्या वेळात अख्ख्या गाडीचा रंग खरोखर दुरुस्त होत नाही. होतं असं की तेलकट भराव असलेलं ग्लेझ फिरवतात, ओरखडे त्यात बुजतात, संध्याकाळी दुकानाच्या दिव्याखाली गाडी आरशासारखी दिसते. काही धुण्यांनंतर तेल निघून जातं आणि जाळ्या परत येतात. त्यावर कोटिंग लावलं असेल तर तेही नीट चिकटलेलं नसतं.

जिथे द्याल तिथे तीन गोष्टी मागा. रंगाची जाडी मोजून कागदावर लिहून द्या. आधी बॉनेटच्या एका चौकोनात काम करून दाखवा. आणि पॉलिश झाल्यावर, कोटिंगच्या आधी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकट भराव पुसून गाडी उन्हात मला बघू द्या. तिसऱ्या मागणीला जो टाळाटाळ करेल तिथून गाडी घेऊन या. आणि प्लास्टिकच्या बंपरवर साधं जाडीमापक चालत नाही, तिथले आकडे कुणी दिले तर कशाने मोजले ते विचारा.

---

रसायनवाला, ठाणे

यादी चांगली आहे, पण ती अपुरी सोडलीत. कोटिंगच्या बाटलीचं सील गाडीमालकासमोर फोडायला सांगा. हे द्रव हवेतल्या ओलाव्याशी क्रिया करून घट्ट होतात, वाळण्यामागे तीच क्रिया असते. उघडून ठेवलेल्या बाटलीत ती आतच सुरू होते, तोंडाशी स्फटिक धरतात. गेल्या महिन्यातल्या गाडीतून उरलेलं द्रव तुमच्या गाडीला लावलं तर समोरचा कारागीर कितीही कसलेला असो, ते सपाट पसरणार नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये काम असेल तर दुकानात वातानुकूलन आहे का ते बघा. लावल्यावर पुसून घ्यायची वेळ तापमान आणि दमटपणाप्रमाणे बदलते, आणि कंपनीने दिलेले आकडे ठरावीक हवेचे असतात.

---

घासकाम, पुणे

सील समोर फोडायचं, मान्य, यादीत घालतो. पुसायची वेळ मात्र आकड्यावर ठरवत नाही आम्ही. लावलेल्या थरावर इंद्रधनुष्यासारखी झाक येते, ती बदलायला लागली की पुसायचं. मिनिटभर उशीर झाला तर थर जागोजागी उंच राहतो, डाग दिसतात, आणि ते काढायला परत मशीन लावावं लागतं. ताई, काम चालू असताना त्या वेळी तिथे उभ्या राहा. पुसणारा घड्याळाकडे बघतोय की रंगाकडे, तेवढं बघा.