मदत हवी आहे: फायनलला छोटे बाल्क द्यायचे की सोडायचे?

विजापूरवेस
उद्या सकाळी बेसबॉलची फायनल आहे, लवकर उत्तर द्या. पिचर (चेंडू टाकणारा) छोटे छोटे बाल्क करतो, म्हणजे रनर बेसवर असताना नियमाबाहेरची हालचाल. लीगच्या मॅचमध्ये कोणी काही बोललं नाही, सेमीलाही नाही. आता फायनलला द्यायचे का? दिला की रनर फुकटात पुढे जाणार आणि मग बोंबाबोंब. प्लीज अनुभव असलेल्यांनीच लिहा, गूगल माझं करून झालंय.

दोन_आऊट
छोटा म्हणजे नेमकं काय करतो तो? थांबत नाही, पाय चुकतो, खांदा हलवतो, चेंडू हातातून पडतो? आणि तुम्ही कोण? पंच, कोच, की पोराचे वडील? त्यावर उत्तर बदलतं.

कडक_भाकरी
क्रिकेटचा नो-बॉलच की हा. फायनल आहे म्हणून नो-बॉल सोडतात होय? आयपीएलमध्ये तर आता पुढचा पाय थर्ड अंपायर बघतो. द्यायचाच. विषय संपला.

दोन_आऊट
नो-बॉल नाही हो. बेसवर रनर नसेल तर बाल्क होतच नाही. हा नियम रनरला वाचवायला आहे, पिचरने त्याला फसवून बेसबाहेर गाठू नये म्हणून. बाल्क दिला की प्रत्येक रनर एक बेस पुढे. तिसऱ्यावर कोणी असेल तर सरळ रन. कोणी मारलं नाही, कोणी पळालं नाही, आणि स्कोअरबोर्डवर एक वाढला. लोक भडकतात ते त्यामुळे.

सातरस्ता
आधी हे सांगा, खरंच बेसबॉल की सॉफ्टबॉल? आपल्याकडे निम्मे लोक सॉफ्टबॉललाच बेसबॉल म्हणतात. सॉफ्टबॉल असेल तर भांडणच नाही, पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत रनरला बेस सोडताच येत नाही. तिथे इल्लीगल पिच (नियमाबाहेर टाकलेला चेंडू) असतो, त्याचं सगळं वेगळं.

विजापूरवेस
बाल्क लिहिलंय म्हणजे बेसबॉलच असणार ना. मी पंच आहे. सतरा वर्षांखालची मुलं. पिचर डावखुरा. आता सांगा.

डावरी
डावखुरा आहे हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं! मी स्वतः डावखुरी, कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, आता मुलांना बेसबॉल शिकवते. डावखुऱ्याचं तोंड मुळात पहिल्या बेसकडेच असतं. उजवा गुडघा वर आला की रनरला कळत नाही, चेंडू होमला (बॅटरकडे) जाणार की आपल्याकडे येणार. म्हणून तुम्ही हाताकडे बघूच नका, पाय कुठे टेकतो ते बघा. होम आणि पहिला बेस यांच्या मधोमध ४५ अंशांची एक रेघ मनात धरा. पाय रेघेच्या होमकडच्या बाजूला पडला आणि चेंडू पहिल्या बेसला गेला तर बाल्क. दुसरं, उचललेला पाय पिचर्स प्लेटच्या (पिचर पाय ठेवतो ती पट्टी) मागच्या कडेच्याही मागे गेला तर त्याला होमला टाकावंच लागतं, नाहीतर दुसऱ्या बेसला पिक-ऑफ (रनरला बाद करायला टाकलेला चेंडू). पहिल्याला टाकला की बाल्क. माझ्या मुलांना मी मैदानावर चुन्याने ती रेघ मारून देते.

विजापूरवेस
पाय व्यवस्थित पडतो. ताई, एवढं लिहिलंत, पण मी पायाचं विचारलंच नव्हतं. तो दोन्ही हात पोटाशी आणतो आणि न थांबता टाकतो. कधी थांबतो, कधी नाही. आणि कॅचरची साइन (खूण) बघताना खांदा जरासा हलतो. एवढंच.

दोन_आऊट
आता कुठे प्रश्न कळला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका पिशवीत घालू नका.

खांद्याचं: मेजर लीगच्या (अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग) नियम ६.०२ खालच्या टिपणीत पंचांना स्पष्ट सांगितलंय की बाल्कचा नियम पिचरने मुद्दाम रनरला फसवू नये यासाठी आहे, आणि पंचाच्या मनात शंका असेल तर पिचरचा हेतू धरावा. सवयीने खांदा हलतो, रनर त्याला फसत नाही, तर तो सोडायचा. फायनलला, लीगला, सरावालाही.

न थांबण्याचं: हे सोडायचं नाही. रनर बेसवर असताना सेटमध्ये, म्हणजे दोन्ही हात समोर एकत्र आणल्यावर, पूर्ण थांबायलाच हवं. तो थांबला नाही तर रनरला त्याची वेळ पकडताच येत नाही, लीड घेतलेला (बेसपासून थोडा पुढे सरकलेला) माणूस तिथल्या तिथे अडकतो. हा फायदा त्याला प्रत्येक पिचला मिळतोय. ‘छोटा’ म्हणून जे सोडताय, त्यावर समोरच्या टीमच्या दोन-तीन चोऱ्या (पिच पडताना पळून पुढचा बेस गाठणं) हुकल्या असतील.

जुना_पार्क
मी पार्क स्टेडियमच्या काळापासून मैदानावर आहे, त्यामुळे स्पष्ट बोलतो. फायनल पोरांची असते, पंचाची नाही. अमेरिकेत मेजर लीगला १९८८ मध्ये काय झालं वाचा. सेटमधला थांबा ‘स्पष्ट दिसेल असा’ हवा म्हणून नियमाचे शब्द कडक केले आणि पंच सुटले. १९८७ च्या पूर्ण सीझनमध्ये ३५६ बाल्क होते, १९८८ मध्ये ९२४! ओकलंडच्या एकट्या टीमवर ७६, त्यात डेव्ह स्ट्युअर्टवर १६. प्रेक्षक वैतागले, पिचर वैतागले, पुढच्या वर्षी शब्द परत सैल केले. कागदावर बरोबर असलं म्हणून मैदानावर बरोबर असतं असं नाही.

डावरी
काका, आकडे बरोबर, निष्कर्ष उलटा. १९८८ चा घोळ पंचांनी नियम पाळल्यामुळे झाला नाही, तोवर वर्षानुवर्षं सोडून दिलं आणि मग अचानक धरलं म्हणून झाला. विजापूरवेस नेमकं तेच करायला निघालेत. लीगला सोडलं, सेमीला सोडलं, फायनलला धरणार.

जुना_पार्क
मग माझंच म्हणणं झालं की. लीगला सोडलं तर फायनललाही सोडा. समान न्याय.

डावरी
समान न्याय कोणाला? त्या पिचरला. समोरच्या टीमच्या रनरचं काय? आणि मोठ्या मॅचला बाल्क देत नाहीत हा गैरसमज आहे. १८ जून २०१५, रेंजर्स आणि डॉजर्स, नववी इनिंग, ०-०, तिसऱ्या बेसवर रनर. डॉजर्सच्या पेड्रो बाएझवर बाल्क दिला आणि मॅच तिथेच संपली, १-०.

जुना_पार्क
ती लीगची मॅच होती. फायनल नव्हे.

कडक_भाकरी
आणि पिचर वाऱ्याने हलला तर? उन्हाळ्यात कुमठा नाक्याच्या मैदानावर वावटळ आली की पंचाची टोपी उडते.

दोन_आऊट
हसू नका, झालंय तसं. १९६१ चा ऑल-स्टार सामना, सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क. नवव्या इनिंगला स्टू मिलर सेटमध्ये उभा असताना वाऱ्याच्या झोताने हलला. बाल्क दिला, दोन्ही रनर एकेक बेस पुढे. बघायला अख्खा देश. तरी दिला. गंमत म्हणजे शेवटी मिलरचीच टीम दहाव्या इनिंगला जिंकली आणि विजयी पिचर म्हणून नोंद त्याचीच.

खोखोवाला
आमच्या खो-खोत बघा, खो मिळायच्या आधी उठला की फाऊल. फायनल असो वा गल्ली, शिट्टी वाजते, कोणी एवढा काथ्याकूट करत नाही. पोरांना खो-खोत घाला, बॅट-ग्लोव्हजचा खर्चही वाचेल.

सातरस्ता
अहो, पण खो-खोत फाऊलमुळे डाव संपत नाही. इथे एका बाल्कवर कप जाऊ शकतो.

फिजिओ_सोलापूर
सतरा वर्षांखालचा मुलगा सेमी आणि फायनल लागोपाठ टाकतोय का? पिच कोण मोजतंय? अमेरिकेत १५-१६ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच सांगतात आणि त्यानंतर विश्रांतीचे दिवस. घाईत टाकतोय म्हणजे खांदा किंवा कोपर दुखत असण्याची शक्यता आहे. आधी बर्फ, मग तपासणी.

विजापूरवेस
डॉक्टर, मी पंच आहे, त्याचा कोच नाही. धाग्याचा विषय बाल्क आहे. आणखी एक, प्लेटला जे पंच आहेत ते माझे सीनियर. ते म्हणाले, ‘फायनलला बाल्कबिल्क काढत बसू नकोस.’ आणि समोरच्या टीमच्या सरांनी आज मला गाठून सांगितलं, दिला नाही तर प्रोटेस्ट टाकू. मी बेसला आहे.

दोन_आऊट
हे शेवटी सांगताय! हाच तर खरा पेच आहे. म्हणजे अडचण नियमाची नाही, सीनियरची आहे.

तर ऐका. बाल्क कोणताही पंच देऊ शकतो, प्लेटच्या पंचाची परवानगी लागत नाही. प्रोटेस्टची धमकी विसरा. तो थांबला की नाही हा पंचाच्या नजरेचा निर्णय आहे, त्यावर प्रोटेस्ट चालत नाही. प्रोटेस्ट चालतो तो नियम चुकीचा लावला तर, म्हणजे बाल्क देऊन रनरला दोन बेस दिले, असं काही.

जुना_पार्क
आणि सीनियरला तोंडघशी पाडायचं? उद्यानंतरही त्याच माणसाबरोबर उभं राहायचंय यांना. माझं ऐका. इनिंग संपली की कॅचरजवळ जाऊन हळूच सांगा, ‘बाळा, त्याला थांबायला सांग.’ काम होतं, बोभाटा होत नाही. मी कित्येक मॅच अशा काढल्यात.

दोन_आऊट
मॅच चालू असताना एकाच टीमच्या कानात सांगणं म्हणजे त्यांचं कोचिंग करणं. समोरच्या सरांनी पाहिलं तर तुमच्यावर पक्षपाताचा शिक्का बसेल. सांगायचं तर मॅचच्या आधी, होम प्लेटजवळ दोन्ही कोचना एकदमच सांगा: ‘सेटमध्ये थांबा दिसला पाहिजे, आज बघणार आहोत.’ एवढंच. कोणाचं नाव घ्यायचं नाही, डावखुरा हा शब्दही नको.

जुना_पार्क
हे चालेल. मला एवढंच म्हणायचं होतं की सहाव्या-सातव्या इनिंगला, तिसऱ्यावर रनर असताना अचानक जाग येऊ नये.

डावरी
अगदी. पहिल्या इनिंगला पहिल्यावर रनर आला आणि तो थांबला नाही तर तिथेच द्या. रनर दुसऱ्यावर जाईल, मॅच बिघडणार नाही. मुलगा हुशार असेल तर त्यानंतर आपोआप थांबेल. पहिल्या पाच इनिंग बघून न बघितल्यासारखं केलंत तर मात्र शेवटच्या इनिंगला तुम्हाला तोंड राहणार नाही.

दोन_आऊट
दिला तर पुढे काय करायचं हेही ठरवून जा. पिचरकडे बोट दाखवून मोठ्याने ‘बाल्क’ म्हणायचं, पण लगेच खेळ थांबवायचा की नाही हे नियमपुस्तकावर आहे. अमेरिकेतल्या शाळांच्या नियमात बाल्क झाला की चेंडू तिथल्या तिथे डेड. मेजर लीगच्या नियमात तरीही पिच टाकला, बॅटरने हिट मारली आणि बॅटरसकट सगळे किमान एक बेस पुढे गेले तर प्ले तसाच धरतात, बाल्क विसरायचा. तुम्ही ‘टाइम’ म्हणून मोकळे झालात आणि तिकडे चेंडू कुंपणापार गेला तर खरी बोंबाबोंब होईल. प्रोटेस्ट तिथे चालेल. उद्याची स्पर्धा कोणत्या पुस्तकाने आहे?

कडक_भाकरी
कोणी मुद्दाम बाल्क करतं का ओ? म्हणजे फायदा होत असेल तर.

डावरी
करतात. २०१९ मध्ये डॉजर्सच्या केन्ली जॅन्सनने शिकागो कब्सविरुद्ध केला होता. दुसऱ्या बेसवरच्या रनरला कॅचरच्या खुणा दिसतील अशी शंका होती, म्हणून त्याला स्वतःच तिसऱ्यावर ढकललं आणि मॅच काढली.

कडक_भाकरी
डोकं आहे बे!

विजापूरवेस
सीनियरना फोन केला. दोन्ही कोचना आधी सांगायचं हे त्यांना पटलं. म्हणाले, ‘पहिल्या दोन इनिंगमध्ये दिलास तर मी मागे उभा राहीन. सातव्यात पहिल्यांदा देणार असशील तर घरीच थांब.’ खांद्याचं सोडून देतोय. सगळ्यांचे आभार. जातो, आमच्याकडे नळाला पाणी आलंय.

फिजिओ_सोलापूर
त्या मुलाला मॅच संपल्यावर बर्फ लावायला तेवढं सांगा.

दोन_आऊट
अहो थांबा, नियमपुस्तक कोणतं ते अजून सांगितलं नाहीत.