होस्टेलातल्या कोरकू पोरांची चेष्टा: अर्ज कोणाले द्याचा?

प्रश्न (परतवाडा साईड): मी बीएस्सीले हावो. होस्टेलात मेळघाटची काही कोरकू पोरं हायेत. घरी फोनवर कोरकूत बोलले का बाकीचे मांगून नक्कल करतात, 'जंगल्या' म्हणतात. आता त मेसवाल्यानं त्यायच्या ताटाच्या बुडाले लाल ऑइलपेंटचा ठिपका मारला. म्हणे, हिशोबाले सोपं जाते! वार्डन म्हणते मस्करी हाये. आमी गेटावर बसाचं म्हणतो.

कापूसकोंडा: आधी लेखी अर्ज, प्राचार्याच्या नावानं. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितला आहे. तो कोण, हे अर्जातच विचारा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, नाहीतर "अर्ज आलाच नाही" म्हणतात. ताटांचे फोटो आजच काढा, ठिपके घासायला कितीसा वेळ लागतो? १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा अनुसूचित जमातींनाही लागू आहे.

भाऊ_अकोटवाले: दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या पोरायनं २०१५ मंदी आंदोलन करून विद्यापीठातला ऱ्होड्स या इंग्रज साम्राज्यवाद्याचा पुतळा महिनाभरात काढाले लावला. तुमी ते ताटच घेऊन बसा न गेटावर, उलटे करून. भाषणं कमी करजा बाप्पा.

मोहफूल: त्या पोरांना विचारलं का, की तुम्हीच पुढारी? मी स्वतः धारणीची. आमच्या नावानं दुसरेच बोलतात, याचाही कंटाळा येतो.

प्रश्नकर्ता: विचारलं ताई. अर्ज त्यायनंच लिहिला. एक जण भेते, त्याची स्कॉलरशिप अटकली हाये. त्याची सही नाई घेत. सोमवारी देतो.