कृपा, विश्वास आणि सत्कृत्ये

प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील इव्हँजेलिकल परंपरेबद्दल एक आक्षेप घेतला जातो: ‘इव्हँजेलिकल मतानुसार नुसता विश्वास ठेवला की तारण (पापापासून मुक्ती) मिळते, मग आचरण कसेही असले तरी चालते’. या मांडणीत त्या मताचा गाभाच निसटतो, असे मला वाटते. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये या परंपरेची चार लक्षणे नोंदवली: बायबलचा अधिकार, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाचे केंद्रस्थान, व्यक्तीचे परिवर्तन आणि श्रद्धेतून येणारी कृतिशीलता. यातले चौथे लक्षण चर्चेत बहुधा विसरले जाते.

बायबलच्या नव्या करारातील, पौल या प्रेषिताच्या नावे असलेल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे व नववे वचन नेहमी उद्धृत होते. तारण हे कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळालेले देवाचे दान आहे, ते कर्मांचे फळ नाही, म्हणून कोणी बढाई मारू नये, असे तिथे म्हटले आहे. मात्र लगेच पुढच्या वचनात माणूस सत्कृत्यांसाठीच ख्रिस्तात निर्माण केला गेला आहे, असे पौल सांगतो, आणि हे वचन सोडून आधीची दोन वाचणे मला अन्यायाचे वाटते. सत्कृत्ये तारणाचे कारण नसून परिणाम आहेत, हा भेद इथे निर्णायक ठरतो. ब्रिटनमधील गुलामांच्या व्यापारावर १८०७ साली कायद्याने बंदी आली, त्यासाठी संसदेत वर्षानुवर्षे झटणारे विल्यम विल्बरफोर्स याच श्रद्धेचे होते.

खरा मतभेद वेगळ्या प्रश्नावर आहे: एकदा मिळालेले तारण गमावता येते का? अठराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांचे अनुयायी ‘होय’ म्हणतात, सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांची शिकवण मानणारे कॅल्विनवादी ‘नाही’.