प्रिंटरसुद्धा उत्तर देतो

जुने प्रिंटर कॉम्प्युटरला ज्या जाड पॅरलल केबलनं जोडायचे, तिच्यातून कॉम्प्युटर बोलतो आणि प्रिंटर नुसता ऐकतो, असं म्हणतात. अर्धंच खरं आहे ते. २५ पिनांपैकी डेटाच्या फक्त आठ, २ ते ९. इंग्रजी कॅपिटल 'ए' (A) पाठवायचा म्हणजे त्याचा ठरलेला आकडा ६५, अर्थात ६४ अधिक १, पाठवायचा. तेव्हा पिन २ आणि ८ वर ५ व्होल्टच्या आसपास दाब, बाकी सहा शून्यावर. पण एवढ्यानं प्रिंटर काही उचलत नाही. पिन १ वरचा 'स्ट्रोब' नावाचा इशारा क्षणभर, निदान अर्धा मायक्रोसेकंद, खाली यावा लागतो. दारावरची टकटकच म्हणा ना!

मग प्रिंटरची पाळी. पिन ११, म्हणजे बिझी, वर गेली की 'थांब, हात रिकामे नाहीत'. अक्षर पोटात गेलं की पिन १० वर पोचपावती. कागद संपला तर पिन १२. आमच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची बिझीची तार केबलमध्येच तुटली होती. छोटी पत्रं सुरळीत यायची, लांबलचक बिलात मात्र मधलीच अक्षरं गायब. आम्ही आठवडाभर रिबनला शिव्या घालत बसलो!

राहिला प्रश्न स्कॅनरचा: तो याच केबलमधून कॉम्प्युटरकडे डेटा कसा पाठवायचा? प्रिंटरच्या या निरोपाच्या तारांपैकी चार वापरून अर्धा-अर्धा बाइट उलट आणायची युक्ती होतीच. १९९४च्या आयईईई १२८४ या पॅरलल पोर्टच्या मानकात तिला 'निबल मोड' म्हणून रीतसर जागा मिळाली. डेटाच्याच आठ तारा दोन्ही दिशांनी वापरणारे वेगवान मोडही त्यातच आहेत.